थांबायची तयारी

७ सप्टेंबर, रविवार

काल सोसायटीच्या गणपतीचं विसर्जन झालं आणि आज मी मोटरसायकल बुक केली. दोन्हींचा संबंध आहे.

मिरवणुकीत मी नाचत नव्हतो, शिस्तीत बाजूने चाललो होतो. चौथ्या मजल्यावरचा इंद्रजित, ज्याचे दंड टी-शर्टच्या बाह्यांत मावत नाहीत, त्याने सगळ्यांदेखत विचारलं, "काका, रिक्षा बोलावू का?" बायका हसल्या. माझी अरुणाही हसली. पुढे तो नोव्हेंबरातल्या कुठल्याशा राईडबद्दल सांगत होता. अर्धी डांबरी रस्त्याने, अर्धी चिखलातून, पनवेलमागच्या डोंगरपायथ्याने. शर्यत नाही, पण येरागबाळ्याचं काम नाही, असं म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं.

माझं वय चोपन्न आहे आणि तुर्भ्याच्या कंपनीत स्टोअर्स विभाग माझ्या जिवावर चालतो. घरी आलो, फोनवर फोटो पाहिले आणि जी सर्वांत देखणी दिसली ती बुक करून टाकली. चिखलातली गाडी, पण नंबर प्लेट, आरसे, दिवे, सगळं कायदेशीर. राईडमध्येही नाव घातलं. अरुणा म्हणाली, आधी बसून तरी बघायची. मी म्हटलं, गाडी बसण्यासाठीच असते, त्यात बघायचं काय?

१४ सप्टेंबर, रविवार

पितृपक्ष लागला आहे. शोरूमवाल्याचा फोन आला, साहेब, एकदा येऊन ट्रायल घ्या. या पंधरवड्यात नव्या वाहनाला हात लावायचा नाही एवढं त्याला कळू नये? घटस्थापनेलाच येईन म्हणून सांगितलं.

तोवर तयारी. हेल्मेट आणलं, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड आणले, छातीला लावायचं चिलखत आणलं. ते सगळं चढवून मी आरशासमोर उभा राहिलो तर अरुणा म्हणाली, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. कोरेगावकडच्या बायकांच्या तोंडात म्हणी तयारच असतात.

मग ती सांगत बसली की लग्नाआधी ती वडिलांच्या राजदूतवरून दुधाच्या किटल्या डेअरीला घालायची, तेही ओढ्यातून. हे मी पूर्वी ऐकलेलं आहे. तिने विचारलं, गाडी आली की मला एकदा चालवायला द्याल का? मी समजावून सांगितलं की राजदूतचा काळ वेगळा होता, ही आधुनिक गाडी आहे, तुला झेपायची नाही. लायसन्स तिचं माझ्या आधीचं आहे हे खरं, पण कागद म्हणजे चालवणं नव्हे. ती उठून कणीक मळायला गेली. पटलं असावं.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

गाडी आली. पाय टेकत नाहीत.

२३ सप्टेंबर, मंगळवार

काही लिहावंसं वाटत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

आता शांत मनाने लिहितो. गाडी उंच आहे. चिखलातल्या गाड्या उंच असतात, दगडधोंडे पोटाला लागू नयेत म्हणून. यात माझ्या उंचीचा काही दोष नाही. मी स्टँडवर चढून, घोड्यावर चढतात तसा पाय टाकून बसतो. बसल्यावर उजव्या बुटाचं टोक जमिनीला लागतं, पण त्यासाठी डावी मांडी सीटच्या वर काढावी लागते. आणि तेवढ्यात गाडी कलते. चालवायला मात्र झकास आहे. एकदा निघाली की पाण्यासारखी. घोडं अडतं ते फक्त थांबताना.

तुर्भ्याला कंपनीजवळ रणजीतचं गॅरेज आहे. त्याला मागची सस्पेन्शन आणि सीट दोन्ही खाली घेता येतात म्हणे. पण ते काम करताना गॅरेजमध्ये चारजण विचारणार, का खाली घेताय? मी स्पष्ट नकार दिला. बाकी जे काही उंची सोडून करता येईल ते सगळं कर म्हटलं. रणजीतला कशालाच नाही म्हणता येत नाही. त्याने चिखलाचे दातेरी टायर चढवले, इंजिनाखाली जाड पत्रा बसवला, हाताच्या मुठींपुढे ढाली लावल्या, सायलेन्सरला जाळी लावली. "अजून काय करायचं साहेब?" असं तो मायेने विचारत होता. गाडी आता इतकी तयार आहे की तिच्याकडे बघून मलाच भीती वाटते.

थांबण्याचा प्रश्न मात्र मी स्वतः सोडवला. स्टोअर्समध्ये इतकी वर्षं काढल्याचा हा फायदा. मागे अरुणाला बसवायचं. सिग्नल आला की गाडी थांबण्याआधी तिने डावीकडून उतरायचं, मागच्या कॅरियरचा दांडा दोन्ही हातांनी धरायचा. सिग्नल सुटला की गाडी ढकलून चालत्या गाडीवर चढायचं. आज कामोठ्याच्या आतल्या रस्त्यावर सराव केला. पहिल्यांदा उशीर झाला तिला. नंतर जमलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

गाडीची पूजा. झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, हँडलला लिंबू-मिरची. लिंबू फोडायला गाडी जरा पुढे घ्यायची होती. मी चढेपर्यंत मुहूर्त टळेल म्हणून अरुणाच पटकन बसली आणि तिने चाक पुढे घेतलं. तिचे दोन्ही पाय व्यवस्थित टेकलेले मी पाहिले. तिच्या चपलांना टाच असणार.

शेजारच्या भागीरथीबाई म्हणाल्या, "अगंबाई, हिला शोभते." मी हारांचे फोटो काढत होतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

वाईट दिवस. कळंबोलीच्या सिग्नलला पडलो.

चूक अरुणाची. सिग्नल लाल झाला, मी ब्रेक लावला, आणि ती फोनवर तिच्या बहिणीशी बोलत होती. "उतर" असं मी म्हणेपर्यंत आम्ही तिघंही आडवे, म्हणजे मी, ती आणि गाडी. लागलं काही नाही, चिलखत होतं. तिला चिलखत नाही, तिच्या कोपराला खरचटलं. रिक्षावाले उठवायला धावले. एकजण म्हणाला, काका, पाय टाकायचा ना खाली. मी हेल्मेटची काच खाली ओढली.

घरी आल्यावर तिला शिस्तीच्या चार गोष्टी सांगितल्या. गाडीवर फोन नाही, लक्ष सिग्नलवर. ती कोपराला हळद लावत होती. म्हणाली, "अहो, तुम्ही नुसतं बसता, सगळं थांबणं मीच करते. कधीतरी उलटं करून बघू." मी हसण्यावारी नेलं. नंतर वाटलं, जरा जास्त बोललो का? पण गाडीवर चूक म्हणजे चूक.

२० ऑक्टोबर, सोमवार. दिवाळी पहाट

माझा जाहीर सत्कार झाला.

मैदानावर गाण्यांचा कार्यक्रम होता आणि तो ठेवला होता गोटीरामशेठने. गोटीरामशेठ म्हणजे इथल्या मूळ गावातले, जमिनी सिडकोत गेल्या, आता पालिकेच्या निवडणुकीची वाट बघत सगळ्यांचे सत्कार करतात. दहावीत पास झालेले संपले, म्हणून कोणीतरी माझं नाव सांगितलं असावं. मैदानाच्या कमानीवर माझ्या फोटोचा फ्लेक्स. चिलखतासकट, हेल्मेट काखेत. वर "कामोठ्याचा वाघ", खाली "साहसी मोटरसायकल मोहिमेस हार्दिक शुभेच्छा", आणि माझ्याहून मोठा गोटीरामशेठचा फोटो.

शाल, श्रीफळ आणि भाषण. "हे दिनानाथकाका बगा. यवरा मोटा मानूस, यवरी मोटी गारी, पन पाय कवापन जमिनीवर," असं ते माइकवरून म्हणाले. समोर पहिल्या रांगेत अरुणा होती. तिने पदर तोंडाला लावला. भारावली असावी.

सत्कार संपल्यावर मात्र लक्षात आलं. राईड अजून व्हायची आहे आणि सत्कार होऊन बसला. बाजारात तुरी म्हणतात तसंच झालं. गेलो नाही तर हा फ्लेक्स कोणी काढायचा? शाल परत करायची कशी? इंद्रजित हात मिळवायला आला आणि त्याने माझा हात जरा जास्तच दाबला. म्हणाला, "भेटू मग चिखलात."

काही हरकत नाही. अरुणा आहे मागे.

१ नोव्हेंबर, शनिवार

राईडवाल्यांनी नियम पाठवले. आरसे, दिवे, हॉर्न, नंबर प्लेट, विमा, पीयूसी, सगळं चालू हवं, कारण अर्धा रस्ता सरकारी आहे. ते सगळं आहे. शेवटचा नियम: मागे कोणीही बसणार नाही.

दोनदा वाचलं. अरुणाला वाचायला दिलं. तिने चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "मग तुम्हाला थांबवणार कोण?"

मी राईडवाल्यांना फोन केला. सांगितलं, माझ्या पत्नीला निसर्गाची फार आवड आहे. तो मुलगा म्हणाला, काही प्रॉब्लेम नाही सर, काकूंना सामानाच्या टेम्पोतून शेवटच्या गावी नेऊ, तिथे जेवण आहे. म्हणजे निघताना धरायला ती असेल आणि पोचताना असेल. मधला सगळा डोंगर मी एकटा.

रणजीतकडे गेलो. सीट खाली घेता येईल का, मित्रासाठी विचारतोय म्हटलं. आता सुटे भाग मागवायला हवेत, यायला वेळ लागेल म्हणाला. मग मायेने विचारलं, तोपर्यंत अजून काही लावू का साहेब?

८ नोव्हेंबर, शनिवार

आज गाड्यांची तपासणी होती, पनवेलला एका मैदानावर. इथे काय लिहिलं ते कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो: गाडी नापास व्हावी म्हणून मी सकाळी देवाला नमस्कार केला. माझ्याकडून म्हणून डाव्या आरशाचा नटही थोडा ढिला करून ठेवला होता.

तपासणाऱ्या मुलाने आरसा हलवून पाहिला, खिशातून पाना काढला आणि नट आवळून दिला. "ऑल गुड, सर." दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, टायरांतली हवा चिखलासाठी कमी केली. मी म्हटलं, हॉर्नचा आवाज जरा बारीक नाही वाटत? तो म्हणाला, मस्त आहे. इंजिनाखालच्या पत्र्याचं तर त्याने चारजणांना बोलावून कौतुक केलं. फक्त लिंबू-मिरची काढायला लावली, झाडाझुडपांत अडकते म्हणून. तेवढाच एक आधार होता तोही गेला.

रात्री जेवण गेलं नाही. अरुणाने मऊ भात केला. ती म्हणाली, "नाही गेलात तरी चालतंय की. मी सांगते सगळ्यांना, ताप आहे म्हणून." तिने हे इतक्या सरळ म्हटलं की मला भरून आलं. मी म्हटलं, नाही, जाणार.

आणि खरं सांगायचं तर मला फार भीती वाटते आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

अक्षर वाकडं येत आहे, पण आजच लिहायला हवं.

सुरुवातीला अरुणाने गाडी धरली, मी चढलो. तिने माझ्या हेल्मेटचा पट्टा घट्ट केला आणि म्हणाली, "हे बघा, थांबायचं नाही. चालती गाडी पडत नाही. वडील सांगायचे, ओढ्यात ब्रेक मारला तर ओढा गाडी ठेवून घेतो." मग झेंडा पडला आणि तिने मागून ढकललं.

डांबरी रस्ता नेऱ्यापर्यंत बरा गेला. पुढे कच्ची वाट लागली. लाल चिखल, भातखाचरांचे बांध, मध्ये ओहोळ. माझ्या पुढचे सगळे हुशार होते. ओहोळ आला की थांबायचे, पाण्याची खोली बघायचे, एकमेकांचे व्हिडिओ काढायचे. मला खोली बघण्याची सोय नव्हती. मी सरळ घुसायचो. पलीकडे निघालो की कळायचं, खोल नव्हतं. एका जागी ते खोल होतं, पण तेही पलीकडे गेल्यावरच कळलं.

निम्म्या वाटेवर चहाचा थांबा होता. सगळ्यांनी गाड्या लावल्या होत्या. एका मुलाने माझ्याकडे केळं पुढे केलं. मी "नको, नको" करत त्याच्या शेजारून गेलो. मागून कोणीतरी म्हणालं, काय स्टॅमिना आहे म्हाताऱ्याचा. मला चहा इतका हवा होता की डोळ्यांत पाणी आलं.

पुढे म्हशींचा कळप आडवा आला. म्हशी थांबत नाहीत आणि मलाही थांबता येत नव्हतं. शेवटी मी शेजारच्या खाचराच्या कडेने कळपाला वळसा घातला. गुराखी म्हातारी काठी उगारून काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही. चढावर इंद्रजित भेटला. त्याची गाडी चाकाच्या मध्यापर्यंत रुतली होती आणि तो बाजूला उभा राहून ओढत होता. "काका, एक मिनिट, हात द्या," तो ओरडला. खरंच द्यावासा वाटला. पण हात द्यायला पाय टेकावे लागतात. मी हॉर्न वाजवून पुढे गेलो. हॉर्नचा आवाज चांगला आहे.

अशा रीतीने मी सर्वांत आधी शेवटच्या गावच्या मैदानावर पोचलो. शर्यत नव्हती, पण पहिला तो पहिलाच. गोटीरामशेठ फ्लेक्स आणि ताशेवाले घेऊन आले होते. भज्यांचा वास येत होता. मी अरुणाला शोधत मैदानात शिरलो आणि ती मंडपाखाली कागदात भजी घेऊन बसलेली दिसली. मी हात केला. तिनेही हात केला, भजी घेतलेला.

मी मैदानाला एक फेरी मारली. लोकांना वाटलं विजयाची फेरी आहे. ताशे जोरात वाजू लागले. दुसऱ्या फेरीला मी तिच्या समोरून जाताना हळूच म्हटलं, अरुणा, धर. ती उठून मैदानाच्या कडेच्या दोरीपाशी आली. पण हात कमरेवर.

"गाडी मला देता का?" तिने विचारलं.

मी पुढे निघून गेलो होतो. तिसऱ्या फेरीला म्हटलं, आधी धर, मग बोलू. ती म्हणाली, "सप्टेंबरपासून आपण मगच बोलतोय." चौथ्या फेरीला मी रविवारी बघू म्हटलं. पाचव्या फेरीला ती म्हणाली, "आज. इथनं घरापर्यंत. मी पुढे, तुम्ही मागे." कोणाही स्वयंसेवकाला धर म्हटलं असतं तर त्याने धरलीही असती. पण शेठ माइक घेऊन उभे होते, "वाघ थांबाचं नावच घेत नाय" म्हणत होते, आणि वाघाला उतरवून घ्या असं मी कोणत्या तोंडाने सांगणार? तेवढ्यात इंद्रजितही चिखलाने माखून मैदानात आला. पेट्रोलचा दिवा लागला होता.

सहाव्या फेरीला मी मान हलवली. ती म्हणाली, "तोंडाने म्हणा. ऐकू येत नाही, ताशे वाजतायत."

नेमके ताशे तेव्हाच थांबले आणि सातव्या फेरीला माझा आवाज मैदानभर गेला: "गाडी तू चालव. तुला झेपते."

तिने दोरी ओलांडली, चालत्या गाडीबरोबर चार पावलं धावली, दांडा धरला आणि मी थांबलो. उतरताना माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. चपला अगदी सपाट होत्या.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज रजा टाकली. अंग ठणकतं आहे. कालचं उरलेलं लिहितो.

सत्काराची दुसरी शाल मिळाली. मग माझं हेल्मेट अरुणाने घातलं, मला टेम्पोतलं एक दिलं, आणि आम्ही निघालो. ती गाडी कशी चालवते हे मी मागे बसून पहिल्यांदाच पाहिलं. खड्ड्यात उभी राहते, वळणावर अंग टाकते, वाटेत पेट्रोल भरायलाही एका पायावर सहज थांबली. मी पाठीवरचा तिचा पदर सांभाळत होतो, चाकात जाऊ नये म्हणून. ती काहीतरी गुणगुणत होती. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, ती गुणगुणते हे मला ठाऊक नव्हतं. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

खांदा कॉलनीच्या सिग्नलला दिवा लाल झाला. गाडी थांबण्याआधी मी डावीकडून खाली उतरलो आणि कॅरियरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. तिला इतके दिवस शिकवलं ते माझ्याच अंगात भिनलं होतं. तिचे दोन्ही पाय जमिनीवर होते. तिला कोणी धरायची गरज नव्हती हे माझ्या लक्षात येईपर्यंत दिवा हिरवा झाला, दांडा हातातून सुटला आणि अरुणा गेली. मागे पाहिलंही नाही तिने. मी चिलखत, दोन शाली आणि हेल्मेटसकट रस्त्याच्या मधोमध उभा. एक रिक्षावाला थांबला, "कुठे काका?" म्हणाला. मी म्हटलं, जरा थांब, ती येईल.

ती आली नाही. मी रिक्षाने घरी पोचलो तेव्हा गाडी पार्किंगमध्ये लागलेली होती आणि अरुणा चहा टाकत होती. मला दारात बघून म्हणाली, "तरीच म्हटलं, खांदा कॉलनीपासून गाडी हलकी कशी झाली." आणि हसता हसता ओट्याला टेकली. मलाही हसू आलं, पण उशिरा.

पुढच्या रविवारी कोरेगावला जायचं ठरलं आहे, तिच्या माहेरी, त्या ओढ्यापर्यंत. चालवणार ती. मला तिने एकच गोष्ट बजावली आहे: सिग्नल आला की उतरायचं नाही, काही धरायचं नाही, नुसतं मागे बसून राहायचं. आज संध्याकाळी सोसायटीच्या गेटपर्यंत एक चक्कर झाली. वाटतं तितकं ते सोपं नाही.